डिपॉझिट दोनच महिन्यांचं, हे महाराष्ट्रात कुठे लिहिलंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वाकडला टू बीएचकेमध्ये राहता. भाडं महिना २६,००० आणि डिपॉझिट १,५०,०००. करार अकरा महिन्यांचा, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, फक्त नोटरी केलेला. तो संपायला तीन आठवडे उरलेत. मालक म्हणतात, पुढे राहायचं तर ३१,००० द्या, नाहीतर तारखेला घर खाली करा. आणि जाताना रंगकामाचं एक महिन्याचं भाडं कापणार. तुम्ही त्यांना ‘नवा भाडे कायदा २०२५’ नावाचा फॉरवर्ड पाठवलात, त्यावर त्यांनी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. आता तुमची विचारणा अशी: दोन महिन्यांच्या वरचं डिपॉझिट बेकायदेशीर असेल तर वरचे ९८,००० आत्ताच मागता येतील का, नव्वद दिवसांची नोटीस न देता भाडं वाढवता येतं का, आणि चिडून त्यांनी वीज तोडली तर काय करायचं.

मी पुण्यात वकिली करतो. माझं निम्मं काम लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर नुसतं वापरायला देणाऱ्या करारांच्या, भांडणांचं असतं, आणि मी दोन्ही बाजूंनी उभा राहतो, कधी मालकाकडून, कधी राहणाऱ्याकडून. तो फॉरवर्ड गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे किमान वीस लोकांनी पाठवला असेल. एका अशिलाने तर प्रिंट काढून, वर प्लास्टिकचं कव्हर घालून आणला होता.

त्यातला बराचसा मजकूर खोटा नाही, पण तो आपला कायदा नाही. डिपॉझिट दोन महिन्यांपुरतं, भाडेवाढीआधी तीन महिन्यांची नोटीस, घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवणं, साठ दिवसांत निकाल, हे सगळं आदर्श भाडेकरू कायद्यातून उचललंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली आणि तो राज्यांकडे पाठवला. ‘आदर्श’ या शब्दाचा अर्थ इथे नमुना असा घ्यायचा. शिंपी कागदाचा नमुना कापून देतो, तो अंगात घालता येत नाही. राज्याच्या विधिमंडळाने त्यावरून स्वतःचा कायदा केला तरच तो लागू होतो. उत्तर प्रदेशाने तसा केला, आसामने केला. तुमचा एखादा मित्र नोएडात राहत असेल तर दोन महिन्यांच्या मर्यादेवर तो बोट ठेवू शकतो. महाराष्ट्राने मी हे लिहितोय तोपर्यंत तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालू आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला त्यात कुठलीही कमाल मर्यादा नाही. ९८,००० चा मुद्दा इथेच संपतो. मालकांना तो पुन्हा पाठवू नका. त्यांनी कुठल्या वकिलाला विचारलं असेल तर तुमचं बाकीचं खरं म्हणणंही त्या फॉरवर्डच्या रांगेत जाऊन बसेल.

गंमत म्हणजे त्या फॉरवर्डमधली एक गोष्ट महाराष्ट्रात खरी आहे, फक्त ती नवी नाही. ‘करार रजिस्टर केला नाही तर पाच हजार दंड’ असं त्यात लिहिलंय ना? आपल्या कायद्याचं कलम ५५ पंचवीस वर्षांपासून हेच सांगतंय. करार भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते तुमच्यासाठी दंडापेक्षा मोलाचं: लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

‘अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही’ हे तुम्हाला एजंटने सांगितलं असणार. सगळे एजंट सांगतात. ही समजूत नोंदणी कायद्यातल्या एका वर्षाच्या मर्यादेवरून आली, आणि इतर राज्यांत तिला काही अर्थ असेलही. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून अकरा महिने असोत की छत्तीस, नोंदणी लागतेच. अकरा हा आकडा आपल्याकडे निव्वळ सवयीने उरलाय, लग्नपत्रिकेवर ‘हीच निमंत्रणपत्रिका समजावी’ छापतात तसा.

आणि नोंदणी टाळून वाचवलं किती? तुमचाच हिशेब करू. अकरा महिन्यांचं भाडं २,८६,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं, म्हणजे अकरा महिन्यांचे १३,७५०. बेरीज २,९९,७५०, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, सुमारे साडेसातशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन करून देणारा एजंट आधार आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. पाचशेचा स्टॅम्पपेपर आणि नोटरीचे पैसे तुम्ही तसेही घालवलेतच. म्हणजे दीड लाख रुपये ज्या कागदावर अडकलेत, तो पक्का करायला आणखी दीड-दोन हजार लागले असते.

आता भाडेवाढ. इथे तुम्हाला आवडणार नाही असं सांगतो. करार चालू असताना मालक एक रुपयाही वाढवू शकत नाहीत, करारात तसं लिहिलं नसेल तर. पण करार संपल्यावर नव्या कराराचा आकडा ठरवायला ते मोकळे आहेत. नव्वद दिवसांची नोटीस आपल्याकडे कायद्यात नाही. वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढ नको, असंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. ते कलम ११, आणि ते भाडेकरूसाठी आहे. पेठेतल्या वाड्यात किंवा गिरगावच्या चाळीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जे भाडेकरू असतात, ते त्याच्या आधाराने बोलतात. तुम्ही कागदावर लायसन्सी आहात, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरू म्हणतो, कायदा म्हणत नाही.

हा फरक मुद्दाम केला गेला. १९७३ साली जुन्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरूंचा दर्जा मिळाला. त्याचा धसका मालकांनी असा घेतला की पुढची कित्येक वर्षं लोक फ्लॅट कुलूप लावून ठेवत, पण भाड्याने देत नसत. माझ्या लहानपणी आमच्याच सोसायटीत अशी दोन घरं होती. दिवाळीला मालक येऊन दार उघडायचे, जाळी काढायचे आणि परत कुलूप. १९९९ च्या कायद्यातलं कलम २४ हे त्या धसक्यावरचं औषध म्हणून आलं, आणि ते बरंच कडक आहे.

तुमच्या परिस्थितीत कलम २४ कडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. लायसन्सची मुदत संपली आणि तुम्ही घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतात. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत तुम्ही प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची. मागितली नाही किंवा मिळाली नाही तर मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असं धरून ताब्याचा आदेश होतो. आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्याला दुप्पट दराने भरपाई. तुमच्या बाबतीत महिना ५२,०००. पुष्कळ जण सल्ला देतात, ‘डिपॉझिट परत देत नाहीत ना, मग राहा तसेच, वसूल होईपर्यंत.’ तीन महिने असे राहिलात तर दुप्पट दराने १,५६,००० होतात. दीड लाख गेले आणि वर सहा हजार तुम्हीच देणं लागलात.

तुमचा करार नोंदणीकृत नाही, त्यामुळे मालकाला हा रस्ता तितका सरळ जाणार नाही, कलम ५५ त्यांच्या आड येईल, हे खरं. पण म्हणून ‘मी लायसन्सी नाहीच, भाडेकरू आहे’ असा दावा ठोकावा का? काही वकील ठोकायला लावतील. मी लावणार नाही. लघुवाद न्यायालयात अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालताना मी पाहिली आहेत, आणि तुम्हाला काही वाकडचा तो फ्लॅट हवा नाहीये, तुम्हाला दीड लाख हवेत. ज्या बाईंनी मुलाच्या शाळेसाठी त्याच घरात राहायचंय म्हणून सांगितलं, त्यांच्यासाठी मी वेगळा विचार केला होता. तुमचं तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

नोटरीचा मुद्दा तुम्ही वाटाघाटीत वापरा, आणि तोही सौम्यपणे. ‘काका, या वेळी रजिस्टर करार करूया, नियमाप्रमाणे ते तुमच्यावरच येतं’ एवढं वाक्य पुरतं. दंडाचं, कैदेचं नाव काढू नका. बहुतेक मालक काही बदमाश नसतात; फ्लॅटचा हप्ता भरणारे, निवृत्त झालेले, एजंटवर विसंबलेले लोक असतात. त्यांना एकदा कळलं की कागद आपल्याच अंगाशी येऊ शकतो, तर आवाज खाली येतो. धमकी दिली की मात्र तेच काका भाच्याला घेऊन येतात, आणि भाचा नेहमी कुठल्यातरी पोलीस ठाण्यात कोणालातरी ओळखत असतो.

राहायचंच असेल तर ३१,००० ला नाही म्हणण्याऐवजी दोन वर्षांचा रजिस्टर करार मागा. पहिल्या वर्षी अठ्ठावीस-साडेअठ्ठावीस, दुसऱ्या वर्षीची वाढ आत्ताच लिहून ठेवलेली, आणि डिपॉझिट एक लाखावर आणलेलं. घर महिनाभर रिकामं राहिलं आणि एजंटला पुन्हा दलाली द्यावी लागली की पाच हजारांची वाढ किती महिने पुरते, हे मालकालाही कळतं. फक्त लॉक-इनचं, म्हणजे अमुक महिने करार मोडता येणार नाही हे सांगणारं, कलम नीट वाचा. लॉक-इन दोघांवर आहे की तुमच्या एकट्यावर? एकट्यावर असेल तर सही करू नका. कंपनीने उद्या बेंगळुरूला पाठवलं तर तुम्ही उरलेल्या महिन्यांचं भाडं देत बसाल, आणि मालकाला मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर तुम्हाला काढता येईल. असे करार माझ्यासमोर दर आठवड्याला येतात.

सोडायचं ठरलं तर प्रश्न रंगाचा. करारात ‘रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापण्यात येईल’ असं स्पष्ट लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर बाजू कमजोर आहे, भांडण रकमेवर होईल. लिहिलं नसेल, तर नेहमीच्या वापराने भिंत जुनी होणं हे नुकसान नाही. खिळ्यांची दोन भोकं, सोफ्यामागे पडलेली रेघ, स्वयंपाकघरातला तेलकटपणा ही झीज. दरवाजाचा पॅनल फुटला, कमोड तडकला, हे नुकसान. त्यामधलं बरंच काही वादाचं राहतं, आणि तिथे पुरावा ज्याच्याकडे, त्याचं खरं.

सिंहगड रस्त्यावर राहणारी एक नर्स माझ्याकडे आली होती. मालकाने एक लाखातले ४०,००० कापले होते: रंग, बेसिन आणि किचन ट्रॉली. तिने फोन उघडून मला पहिल्या दिवसाचं चॅट दाखवलं. राहायला आली त्याच संध्याकाळी सामान सोडवायच्या आधी तिने तेवीस फोटो काढले होते. बेडरूमच्या कपाटामागे ओल येऊन फुगलेला प्लास्टर, बेसिनच्या कडेला केसासारखी चीर, सगळ्यात खालच्या ट्रॉलीचं एक चाक निखळलेलं, अगदी वीजमीटरचा आकडाही. खाली लिहिलं होतं, ‘काका, हे आधीपासूनचं आहे, फक्त नोंद असावी म्हणून पाठवतेय.’ आणि काकांचं उत्तर, ‘ठीक आहे बेटा.’ मी एक पानाची नोटीस पाठवली, त्या चॅटची छापील प्रत जोडली. दोन आठवड्यांत ३५,००० तिच्या खात्यात आले; पाच हजार तिने स्वतःच सोडले, कारण गॅलरीची एक काच तिच्याच मुलाने फोडली होती. इतकी सोपी केस मला वर्षातून एखादीच मिळते.

तुमच्याकडे पहिल्या दिवसाचे फोटो नसतील तर आता शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ करा. सामान निघाल्यावर, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, नळ उघडून, दिवे-पंखे लावून, शेवटी मीटर. मालक समोर असताना केलात तर उत्तम. महावितरणचं बिल, गॅस, सोसायटीचं पार्किंग, जे काही तुमच्या नावे होतं त्याच्या पावत्या एका ठिकाणी ठेवा.

चावी देताना घाई नको. माझा साधा आग्रह असतो: एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने डिपॉझिट. ‘पंधरा दिवसांत टाकतो’ असं म्हणाले तर किती टाकणार, काय कापून, ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, आणि ताबा दिल्याची दोन ओळींची पोच घ्या, तारखेसकट. ताबा तारखेला द्यायचाच आहे, हे विसरू नका. पैसे मिळेनात म्हणून चावी अडवून ठेवली की वर सांगितलेला दुप्पटचा मुद्दा उभा राहतो, आणि तोपर्यंत स्वच्छ असलेली तुमची बाजू तुम्हीच गढूळ करता. तारखेला मालक चावी घ्यायलाच आले नाहीत, असंही होतं. मग मेसेज, ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा की घर रिकामं आहे, चावी द्यायला तयार आहे.

पैसे अडकलेच तर वकिलाची नोटीस, आणि तरी नाही दिले तर वसुलीचा दिवाणी दावा. त्यासाठी तीन वर्षांची मुदत असते, म्हणून ‘दिवाळीनंतर देतो, मार्चनंतर देतो’ यात वर्षं घालवू नका. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ हे वाक्य ऐकून परत याल, आणि निव्वळ डिपॉझिटच्या बाबतीत ते चुकीचंही नाही.

वीज-पाणी तोडण्याबद्दल. कलम २९ मालकाला अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं, पण त्याची भाषा भाडेकरूची आहे; तुम्ही लायसन्सी आहात म्हणून ते लागू नाही, असं मालकाचा वकील म्हणणार. तो वाद बाजूला ठेवला तरी, कराराच्या मुदतीत वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं याला कुठल्याच कायद्याचा आधार नाही. घर परत मिळवण्यासाठी कलम २४ ची वाट दिलेली असताना मालकाने स्वतःच ताबा घ्यायचा नसतो. असं झालं तर पोलिसांना सिव्हिल मॅटर म्हणून हात झटकता येत नाहीत. लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि मनाई हुकुमासाठी लगेच न्यायालयात जा. तुमच्या मालकांचा अंगठा पाहता ते इतकं करतील असं मला वाटत नाही.

भाड्याच्या बाबतीत अलीकडे खरोखर बदललेलं असं काही असेल तर ते आयकरात आहे, तुम्हाला लागू नसलं तरी वाचणाऱ्यांपैकी कोणाला असेल. महिना ५०,००० च्या वर भाडं देणाऱ्या व्यक्तीला टीडीएस, म्हणजे मालकाच्या वतीने भाड्यातूनच कर, कापावा लागतो, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्के झाला. मालक अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक असेल तर मात्र ही पन्नास हजारांची मर्यादा नाही, भाडं कितीही असो, आणि दरही बराच चढा. पुण्यातले निम्मे फ्लॅट अशाच मालकांचे वाटावेत इतके ते भेटतात, आणि भाडं त्यांच्या इथल्या भावाच्या खात्यात जातं. अशा वेळी आधी सीएला विचारा.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: ९८,००० आत्ता मागता येणार नाहीत, नव्या करारात भाडं वाढवायला नोटीस लागत नाही, वीज मुदतीच्या आत तोडता येणार नाही. दीड लाख परत मिळतील का, हे मात्र मी अजून सांगू शकत नाही, कारण डिपॉझिटचं कलम कसं लिहिलंय ते तुम्ही दिलेलंच नाही. ‘ताबा देतेवेळी’ असा शब्द आहे, ‘ताबा दिल्यानंतर तीस दिवसांत’ असा आहे, की ‘नवीन भाडेकरू मिळाल्यावर’ असा आहे? तिसरा असेल तर मला नवल वाटणार नाही, एजंटांच्या छापील मसुद्यात तो सर्रास असतो. करार काढा, ते कलम आणि रंगाचं कलम, दोन्ही जशीच्या तशी टाइप करून पाठवा. नावं आणि फ्लॅट नंबर तेवढे गाळा.